सात नंबरचं कुलूप

“हा कागद कोनं छापला?” खोडके म्हणाले.

“सर्व्हरनं,” मी म्हणाले.

“सर्व्हरले हात हायेत का? छाप म्हनून त्याले कोनं सांगतलं?”

“मी.”

“मंग असं म्हना ना. बाईनं छापला.”

जून २००९ मधला मंगळवार होता, सकाळचे सव्वाअकरा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली पहिल्या मजल्यावरची खोली. खिडकीतला कूलर एवढा आवाज करत होता की साधं वाक्यही ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोललं की ते भांडणासारखंच वाटे. टेबलाच्या पलीकडे तिघांची चौकशी समिती बसली होती. दोघे प्राध्यापक फारसे बोलत नव्हते. मधे परीक्षा नियंत्रक डॉ. धांडे होते.

“खोडके,” धांडे म्हणाले, “कागद कोणी छापला हा प्रश्न नाही. त्यावर काय आहे ते बघा. चार जून, गुरुवार, दुपारी दोन सत्तेचाळीस. बी.एस्सी. भाग दोनच्या गुणांची फाईल. मशीन नंबर सात. वापरणारा डी. एम. खोडके. फेरमूल्यांकनात एकेचाळीस मुलांचे गुण वाढले होते, ते पुसले गेले आणि जुने गुण परत आले. सात नंबर तुमचंच मशीन ना?”

“मशीन विद्यापीठाचं. खुर्ची माझी.”

एक प्राध्यापक हसले आणि लगेच खोकले.

दिगंबर खोडके वरिष्ठ सहायक होते. चौतीस वर्षांची नोकरी झाली होती, सप्टेंबरअखेर निवृत्ती होती. त्या एकेचाळीस मुलांत उपकुलसचिव निंभोरकरांची मुलगी होती. फेरमूल्यांकनात पास झाल्याचं तिला कळलं होतं, आणि हातात आलेल्या गुणपत्रिकेवर नापास होतं. याच निंभोरकरांनी सात वर्षांपूर्वी खोडक्यांना दीड वर्ष उत्तरपत्रिकांच्या गोदामात बसवलं होतं. हे सगळ्या विभागाला माहीत होतं. त्यामुळे हेतू कोणाला शोधावा लागला नाही. राहिला होता पुरावा, आणि तो मी आणला होता.

“दोन सत्तेचाळीसला मी जागेवर नव्हतो,” खोडके म्हणाले.

“कुठे होतात?”

“चहाले. एका पोराचं आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त केलं आन् खाली गेलो. फाईल उघडीच होती.”

“उघडी टाकून गेलात?”

“उघडी टाकून नाई साहेब, ताब्यात ठेवून. सकाळी साडेदहाले मी फाईल उघडतो आन् पावनेसहाले बंद करतो. मधात कोनाले देत नाई. पयले रजिस्टर होतं तवा ते कोपराखाली असे. चौतीस वर्षांत माझ्या कोपराखालून एक रजिस्टर गेलं नाई.”

“म्हणजे दिवसभर फाईल फक्त तुमच्याच हातात होती,” धांडे म्हणाले. “तुम्हीच सांगताय.”

खोडक्यांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्यायले विचारा. मी खाली होतो तर वर कोनं लिहिलं?”

धांड्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“माणूस जागेवर नसतानाही बदल होऊ शकतो,” मी म्हणाले. “वेळ लावून ठेवता येते.”

“मले?” खोडके म्हणाले. “मले अजून पासवर्ड बदलता येत नाई. दर महिन्याले शेजारचं कोनीतरी बदलून देते. आन् मी वेळ लावून ठेवली!”

“मी ‘येते’ म्हणाले. ‘लावली’ म्हणाले नाही.”

“वा. मारते पन हात लावत नाई.”

“खोडके, भाषा,” धांडे म्हणाले. मग मला म्हणाले, “हर्डीकर मॅडम, आज संध्याकाळपर्यंत तुमचं प्रमाणपत्र द्या. बदल सात नंबरवरूनच झाला, यंत्रणेत कुठलाही दोष नाही. एवढं दोन ओळींत. उद्या अकराला समिती बसेल. निलंबनाचं पत्र आणि पोलिसांतली तक्रार दोन्ही तयार आहेत.”

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. सांगलीची. ज्या कंपनीनं विद्यापीठाला निकालाची यंत्रणा बसवून दिली तिच्याकडून मी तिथे आले होते. निकाल कक्षातली चाळीस मशीन आणि एक सर्व्हर माझ्या हाताखाली होता. सगळ्या फाईली सर्व्हरवर असत. मशीनवर बसलेल्या माणसाला फाईल आपल्याच मशीनमध्ये आहे असं वाटे, पण ती तारेच्या दुसऱ्या टोकाला असे.

खोडक्यांचं आणि माझं पहिल्या आठवड्यापासून बिनसलं होतं. त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी खोलीत शिरले की ते शेजारच्याला म्हणत, “आली पश्चिम महाराष्ट्राची कृपा.” एप्रिलमध्ये एक तार सैल झाली, सात नंबरची जोडणी तुटली आणि त्यांचं दोन तासांचं काम गेलं. ते व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “रजिस्टरनं माझं लिहिलेलं कधी गिळलं नाई. ह्या डब्ब्यानं गिळलं. आन् पगार डब्बा घेत नाई, बाई घेते.” वर कुलसचिवांकडे लेखी तक्रारही केली. तक्रारीची प्रत मला आली, तिच्यात माझं नाव चुकीचं लिहिलं होतं.

तेव्हा मंगळवारी ते प्रमाणपत्र लिहिताना माझा हात अडखळला नाही. दोनाऐवजी चार ओळी लिहिल्या. एक वाजता सही केली, शिक्का मारला आणि धांड्यांच्या शिपायाकडे दिलं.

तीन वाजता मी एकेचाळीस नावांची यादी घ्यायला फेरमूल्यांकन कक्षात गेले. तो मागच्या इमारतीत होता, पण तारेनं याच सर्व्हरला जोडलेला. तिथले लिपिक इंगोले टेबलाखाली चपला काढून, पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून बसले होते.

“गेले म्हणतात खोडकेभाऊ,” ते यादी शोधता शोधता म्हणाले.

“उद्या ठरेल.”

“ठरलंच आहे मॅडम. एवढं मात्र सांगतो, त्या गुरुवारी मला शंका यायला पाहिजे होती. खोडकेभाऊ अन् फाईल सोडतात? पंधरा दिवस मी त्यांच्या मागं. भाऊ, दहा मिनिटं फाईल सोडा, एकेचाळीस पोरांचे गुण चढवतो. म्हणे पावणेसहानंतर ये. पावणेसहाला माझी बस असते. अन् त्या दिवशी अडीचनंतर सहज उघडून पाहिली, तर उघडली! मी बायकोला फोन केला, म्हटलं आज काहीतरी गोड कर.”

“उघडली म्हणजे? लिहिता आली?”

“आली म्हणजे काय, एकेचाळीस चढवले. वीस मिनिटंही नाही लागली. बंद केली.”

“खोडक्यांनी सोडली होती का?”

“सोडली असेल. नाहीतर मिळेल कशी?”

मी यादी घेतली. परत येताना जिना चढायला मला वेळ लागला.

एखाद्या मशीननं फाईल उघडली की सर्व्हर तिच्यावर त्या मशीनच्या नावाचं कुलूप लावतो. मग दुसऱ्या कोणाला ती मिळत नाही. ते मशीन थोड्या थोड्या वेळानं सर्व्हरला कळवत राहतं, की मी आहे. कळवणं थांबलं तर सर्व्हर दीड मिनिट वाट पाहतो आणि कुलूप काढून घेतो. आणि त्याच नावाचं मशीन येऊन म्हणालं की मी आत्ता नव्यानं सुरू झालो, तर तो वाटही पाहत नाही. मशीन मधे बंद पडलं असणार असं धरून त्याची जुनी कुलपं लगेच सोडून देतो. खोडक्यांनी फाईल बंद केल्याची नोंद पावणेसहाची होती. मग अडीच वाजता ती इंगोल्यांना मिळाली कशी?

निकाल कक्षात खोडके आपल्या खुर्चीवर बसून होते. त्यांचं काम काढून घेतलं होतं, त्यामुळे समोरचं मशीन बंद होतं आणि ते त्या काळ्या पडद्याकडे पाहत होते. आसपासच्या खुर्च्यांवरच्या बायका खाली माना घालून काम करत होत्या.

“मशीन सुरू करा,” मी म्हणाले.

“माझे हात निलंबित हायेत.”

“उद्यापासून. आज सुरू करा.”

“काहून? अजून एक कागद छापायचा राह्यला का?”

“मला एक तपासायचंय. तुम्ही बसल्याशिवाय होणार नाही.”

“तुमाले तपासायचं, तुमी बसा.”

“खोडके, त्या दिवशी इंगोल्यांना फाईल तुम्ही सोडली होती?”

ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळले. “इंगोलेले? अडीचले? मी काय येडा झालो का?”

“मग बसा.”

त्यांनी मशीन सुरू केलं. मी सर्व्हरवर एक नमुन्याची फाईल केली, त्यात दहा खोटी नावं आणि सगळ्यांना शून्य गुण. ती त्यांना उघडायला सांगितली. एका नावातलं अक्षर बदलायला सांगितलं आणि म्हणाले, “आता हात काढा. काहीही दाबू नका.”

बारा नंबरवर कल्पना तायडे बसल्या होत्या. बाळंतपणाच्या रजेवरून त्या चार जूनलाच, त्याच गुरुवारी दुपारी, कामावर परत आल्या होत्या. मी त्यांना मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं.

“काही झालं का मॅडम?”

“सुरू करा फक्त.”

बारा सुरू झालं. मी तिसऱ्या एका मशीनवर गेले आणि नमुन्याची फाईल उघडली. उघडायला नको होती, पण उघडली. दहाही नावांना शंभर शंभर गुण दिले आणि फाईल बंद केली. मग सातपाशी येऊन उभी राहिले. खोडके हात मांडीवर ठेवून बसले होते. मिनिटभर काहीच झालं नाही. मग पडद्याच्या कोपऱ्यातला जोडणीचा हिरवा दिवा एकदा विझून लागला.

मी फाईल पुन्हा वाचली. दहाही नावांसमोर शून्य होतं.

“शंभर कुठी गेले?” खोडके म्हणाले.

मी वेळ कागदावर टिपली.

“मी बोट लावलं नाई. तायडेबाई, तुमी पाह्यलं? मी बोट लावलं नाई!”

“नाही लावलं भाऊ,” तायडे म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

“सांगा मंग आता,” ते मला म्हणाले. “सावकाश सांगा. हे काय झालं?”

मी खुर्ची ओढून बसले. “मे महिन्यात तुमच्या मशीनची डिस्क गेली होती.”

“हो. तुमी नवीन टाकली.”

“नवीन टाकली, पण सगळं पुन्हा बसवायला दोन दिवस गेले असते. बारा नंबर रिकामं होतं, तायडेबाई रजेवर होत्या. मी बाराची डिस्क जशीच्या तशी तुमच्या डिस्कवर उतरवली. वरचं नाव बदललं, पत्ता बदलला. आत एक नाव असतं, ज्या नावानं मशीन सर्व्हरला ओळख देतं. ते बदलायचं राहिलं.”

“म्हनजे सर्व्हरले मी आन् तायडेबाई एकच मानूस.”

“हो. तायडेबाई रजेवर होत्या तोवर काही बिघडलं नाही. त्या दिवशी दुपारी त्यांनी बारा सुरू केलं. सर्व्हरला वाटलं, हे मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं. त्यानं जुनी कुलपं सोडून दिली. त्यात तुमची फाईल होती.”

“माझ्या कोपराखालून काढून घेतली आन् मले सांगतलं नाई.”

“तुमच्या मशीनला नंतर कळलं. त्यानं कळवायला जोडणी केली तर सर्व्हर म्हणाला, तुला मी ओळखत नाही. मग त्यानं नव्यानं ओळख दिली.”

“आन् मंग?”

इथे मी थांबले. थांबण्याचं कारण त्यांना कळलं असावं, कारण ते पुढे झुकले.

“मंग काय, मॅडम?”

“मग इंगोल्यांनी फाईल बंद केल्याबरोबर त्यानं कुलूप परत घेतलं आणि त्याच्याजवळ जे पान होतं ते लिहून टाकलं. आडनाव दुरुस्त केलेलं पान. त्याच्यावर बाकीचे गुण सकाळचेच होते. मधल्या वेळात इंगोल्यांनी नवे चढवले होते, ते त्याखाली गेले.”

“मशीन असं करते? मधात दुसऱ्यानं लिहिलं का नाई ते पाहत नाई?”

“नाही करत. कुलूप एकदा गेलं की मशीननं चूक दाखवून थांबायचं असतं. जवळचं लिहिलेलं टाकून द्यायचं असतं.”

“मंग हे थांबलं काहून नाई?”

“एप्रिलमध्ये ते थांबलं होतं. तुमचं दोन तासांचं काम गेलं होतं.”

ते खुर्चीत मागे टेकले.

“तुम्ही कुलसचिवांकडे तक्रार केलीत. त्यानंतर मी एक सेटिंग बदललं. गेलेलं कुलूप मशीननं आपलं आपण परत घ्यावं, काम टाकू नये. यंत्रणेच्या माहितीपुस्तकात लिहिलंय की हे चालू करू नका, दुसऱ्याचं लिहिलेलं जाऊ शकतं. मी चालू केलं. चाळीसच्या चाळीस मशीनवर.”

“माझं तोंड बंद कराले.”

“हो.”

“दाखवा,” खोडके म्हणाले. “गुरुवारचं दाखवा. खोट्या फाईलीवर समिती मानत नसते.”

मी सर्व्हरची चार जूनची नोंद उघडली. अकरा हजारांवर ओळी होत्या. दोन एकतीसच्या ओळीवर थांबून मी त्यांना वाचून दाखवलं: ‘मशीन पुन्हा सुरू, जुनी कुलपं सोडली.’ सुरू झालेलं मशीन बारा, सुटलेलं कुलूप सातचं. खोडक्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि ओळ स्वतः वाचली, बोट पडद्याला न लावता. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उद्या अकरा वाजता,” ते म्हणाले. “तुमच्या तोंडानं सांगायचं. ‘तांत्रिक बिघाड’ असं म्हनायचं नाई. बिघाडाले नाव असते.”

“सांगेन.”

“नाई सांगतलं तर तायडेबाईले घेऊन मी हाच खेळ समितीसमोर करीन. आता मले येते.”

बुधवारी मी समितीपुढे सगळं सांगितलं. क्रमानं, वेळा देऊन, बारा मिनिटांत. डिस्क मी उतरवली, नाव बदलायचं मी विसरले, सेटिंग मी चालू केलं. खोडके भिंतीशी खुर्चीवर बसून ऐकत होते. कूलर त्या दिवशी बंद होता, मोटार जळली होती, त्यामुळे प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

धांड्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, तुम्ही काय बोलताय याचा अर्थ कळतोय ना? एका माणसानं डाव साधला, तर एक माणूस जातो आणि एकेचाळीस गुणपत्रिका बदलतात. यंत्रणा चुकली, तर उन्हाळी परीक्षेचा अख्खा निकाल संशयात येतो. एकेचाळीस आपल्याला कळले, कारण त्यात निंभोरकरांची मुलगी होती. बाकीचे किती?”

“ते तपासावं लागेल. फाईल कधी कोणाकडे होती त्याची नोंद आहे. दहा-अकरा दिवस लागतील.”

“आणि खोडक्यांनी फाईल दिवसभर अडवून ठेवली नसती तर?”

“तर इंगोल्यांचं काम पंधरा दिवस आधी झालं असतं आणि हे घडलं नसतं. पण फाईल हातात ठेवणं गुन्हा नाही. कुलूप त्यांच्याकडे होतं. ते माझ्यामुळे गेलं.”

“दिवसभर फाईल धरून बसणं शिस्तीत बसत नाही.”

“त्याचा मेमो द्या साहेब,” खोडके भिंतीशी बसूनच म्हणाले. “घेतो. मेमोची सवय हाये मले.”

धांड्यांनी फाईलमधून माझं कालचं प्रमाणपत्र काढलं. चार ओळी, सही, शिक्का. ते त्यांनी टेबलावर माझ्याकडे फिरवून ठेवलं.

“मग हे काय आहे? ‘यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही.’ काल दुपारी एक वाजता. आज तुम्ही म्हणताय दोष होता आणि तो तुमचाच होता. चौकशी समितीला खोटं प्रमाणपत्र देणं म्हणजे काय ते तुमच्या कंपनीला माहीत असेल. पोलिसांत एक तक्रार जायचीच आहे. नाव बदलायला मला पाच मिनिटं लागतील.”

मी तो कागद जवळ ओढला.

“साधा प्रश्न आहे,” धांडे म्हणाले. “काल सही करताना हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?”

एका प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. मी समोरच्या कागदावरची माझी सही पाहत होते. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती. खोडके माझ्याकडे पाहत होते. ते मान न वळवताही मला कळत होतं. धांड्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

“मॅडम?”

“नव्हतं माहीत,” खोडके म्हणाले.

सगळे तिकडे वळले.

“तीन वाजता इंगोलेकडून आल्या तवा समजलं त्यायले. त्याच पावली माझ्याकडे आल्या. सगळं माझ्यासमोर तपासलं, तायडेबाई साक्षीले होती. आधी मालूम असतं तर आल्याच नसत्या. हे लिहून घ्या. माझं बयान म्हनून लिहा.”

“तुम्ही त्यांची बाजू घेताय?” धांडे म्हणाले. “तुम्ही?”

“मी काय झालं ते सांगून राह्यलो. बाजू काढाले मी वकील नाई.”

धांड्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं. खोडक्यांनी उठून ते वाचलं, एका ठिकाणी ‘दुपारनंतर’ खोडून ‘दुपारी तीन वाजता’ करायला लावलं, आणि सही केली. माझं प्रमाणपत्र रद्द झालं. निलंबनाचं पत्र फाडलं गेलं. निकाल कक्षाचं काम तपासणी होईपर्यंत थांबवायचं आणि त्यानंतर माझं तिथलं काम संपवायचं असं ठरलं. मी ‘नव्हतं’ असं एकदाही म्हणाले नव्हते, पण कागदावर तेच राहिलं. कुठेतरी अजूनही असेल.

खोडके जिन्यात भेटले. ते कठड्याला धरून हळूहळू उतरत होते. मी दोन पायऱ्या वर थांबले.

“खोडके साहेब, तुम्ही आत्ता जे—”

“तुमच्यासाठी नाई केलं,” ते न वळता म्हणाले. “तुमच्यावर पोलिसात तक्रार गेली असती तर फाईल बंद झाली नसती. साक्षीले माझं नाव, तपासाले माझं मशीन. सहा महिने. मले सप्टेंबरात निघायचं हाये. माझे कागद तुमच्याखाली दबून राहू देत नाई मी.”

“तरी.”

“तरी काय?” आता ते वळले. “अकरा हजार ओळी होत्या काल. मी म्हनलं दाखवा, आन् तुमी थेट त्या ओळीवर जाऊन थांबल्या. शोधत बसल्या नाई. वर नाई, खाली नाई. ज्यानं आधी पाह्यलं तोच असा जाते.”

मंगळवारी सकाळी पावणेदहाला, समितीसाठी तो कागद छापताना, मी ती ओळ पाहिली होती. सुरू झालेलं मशीन बारा, सुटलेलं कुलूप सातचं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नव्हता. लावायला पाच मिनिटं पुरली असती. मी ती ओळ निवडून वगळली आणि उरलेलं एका पानात बसवलं.

“मग आत का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“धांडेसाहेबानं तुमाले विचारलं तवा मी थांबलो होतो,” खोडके म्हणाले. “म्हनलं, स्वतःच सांगतील. चांगला थांबलो. तुमी बोलल्या नाई, मंग मी बोललो.”

ते उरलेल्या पायऱ्या उतरून गेले. मी निकाल कक्षात आले, दार आतून लावलं आणि एक नंबरच्या मशीनपासून ते सेटिंग बंद करायला सुरुवात केली.